पाचव्या आवृत्तीतलं वाक्य

पलीकडच्या टेबलापाशी सरांच्या जुन्या विद्यार्थिनीने, चिमणीने, पिशवीतून पुस्तक बाहेर काढलं, आणि सरांनी तोंडाशी नेलेला पाण्याचा ग्लास तसाच खाली ठेवला. विटकरी पुठ्ठ्याचं जाडजूड पुस्तक, कणा सैल झालेला, पानापानांतून चिठ्ठ्या डोकावणाऱ्या. एवढ्या लांबून नाव वाचता येणं शक्य नव्हतं. पण आपलं मूल गर्दीत पाठमोरं उभं असलं तरी ओळखू येतं, तसं सरांनी ते ओळखलं. ते त्यांचंच पुस्तक होतं, पाचवी आवृत्ती. त्यांच्या स्वतःच्या टेबलावर सातवी होती, निळ्या पुठ्ठ्याची, कोरी करकरीत.

शेजारी परराष्ट्र खात्याचे सचिव बसले होते. बरं वाटत नाही का, असं त्यांनी हळूच विचारलं. सरांनी नुसती मान हलवली आणि वकिली झग्याची बाही उगाचच सारखी केली.

लवादाचं दालन मोठं होतं, पण उंच खिडक्यांमुळे त्यात सगळ्यांनाच आपण जरा बुटके असल्यासारखं वाटायचं. समोर चौथऱ्यावर पाच लवाद, मधल्या खुर्चीत अध्यक्ष. खाली दोन टेबलं, दोन देशांची. मागे पाहुण्यांच्या खुर्च्या, आणि त्यात पहिल्याच रांगेत सरांची पत्नी, मांडीवर विणकाम घेऊन. विणकामाला दालनात बंदी आहे की नाही, हे नियमावलीत कुठेच नव्हतं, आणि ज्याला बंदी नाही ते चालतं, हे ती इतक्या वर्षांच्या संसारात नवऱ्याकडूनच शिकली होती.

भांडण एका बेटाचं होतं. बेट म्हणजे तरी काय, एक दीपगृह, एक पडकी जकातचौकी आणि बाकी सगळा पक्ष्यांचा कारभार. पण आसपासच्या समुद्राच्या तळाशी वायू सापडला आणि दोन्ही देशांना बेटाचं प्रेम उतू जाऊ लागलं. दीपगृह बांधलं होतं सरांच्या देशाने. ते बांधलं तेव्हा शेजारच्या लहान देशाने हूं की चूं केलं नाही, त्यानंतरही कित्येक वर्षं केलं नाही. गप्प बसलात म्हणजे तुम्हाला ते मान्य होतं, या एका मुद्द्यावर सरांच्या बाजूचा सगळा डोलारा उभा होता. लहान देशाचं म्हणणं असं, की त्या काळात आमचा बाहेरचा कारभार दुसऱ्याच एका बड्या सत्तेच्या हातात होता. कोणाला पत्र लिहायचं तरी तिची परवानगी लागायची. मग हरकत घ्यायची कोणी आणि कशी?

आणि नेमकं याच प्रश्नावर सरांच्या पुस्तकात, पाचव्या आवृत्तीत, एक वाक्य होतं. 'ज्यास बोलण्याची मुभाच नव्हती त्याच्या मौनातून संमती काढता येत नाही.' पुस्तकातली बाकीची आठशे पानं एका पारड्यात आणि ते वाक्य दुसऱ्यात, इतकं ते गाजलं. इतरांच्या ग्रंथांत ते उद्धृत झालं, निकालपत्रांत आलं, विद्यार्थ्यांनी ते परीक्षेत योग्य आणि अयोग्य अशा दोन्ही ठिकाणी लिहिलं. एका परिषदेत तर सरांची ओळख करून देणाऱ्या बाई नावाच्या आधी वाक्यच म्हणाल्या होत्या.

सातव्या आवृत्तीत ते नव्हतं. सरकारने बेटाचं काम सरांकडे सोपवलं त्याच सुमारास त्या आवृत्तीची मुद्रितं तपासायला आली होती, आणि सरांनी लाल पेनाने ते काढून टाकलं. त्याच्या जागी लिहिलं, 'दीर्घकाळचे मौन सर्वसाधारणपणे संमतीकडे झुकते.' त्यातला सर्वसाधारणपणे हा शब्द घालताना त्यांना जरा बरं वाटलं होतं. प्रस्तावनेत एक ओळ टाकली, काही ठिकाणी विवेचन आटोपशीर केले आहे. मुद्रितं नेहमीप्रमाणे पत्नीनेच दुसऱ्यांदा तपासली. हे का काढलं, असं तिने विचारलं तेव्हा ते म्हणाले की जागा कमी पडत होती. बरं, असं म्हणून ती पुढच्या पानावर गेली. विद्वानाला मत बदलायचा हक्क असतो, हे वाक्य त्यांनी तिच्यासाठी तयार ठेवलं होतं. पण तिने पुन्हा विचारलंच नाही, आणि मग ते कित्येक दिवस ते स्वतःलाच ऐकवत राहिले.

चिमणी बोलायला उभी राहिली. चिमणी हे नाव सरांच्या पत्नीने ठेवलेलं. सीमेपलीकडून ही मुलगी सरांच्या हाताखाली डॉक्टरेट करायला आली होती, तेव्हा त्यांच्या घरी जेवायला बसली की ताटात नुसती टोचे मारायची. आता तिच्या कानांजवळचे केस पिकले होते आणि ती तिच्या देशाची प्रमुख वकील होती, पण डायसवर उभं राहताना टाचा उचलायची सवय गेली नव्हती.

तिने विटकरी पुस्तक उघडलं.

ती म्हणाली, की आता ती तिच्या विद्वान प्रतिपक्षाचाच ग्रंथ वाचून दाखवणार आहे. सचिवांनी मान वळवून सरांकडे पाहिलं. सर समोर बघत राहिले. आता सातवी आवृत्ती काढली जाणार, दोन्ही पानं शेजारीशेजारी ठेवली जाणार, आणि पाच लवादांपैकी एक तरी चष्मा वर करून विचारणार, की हा बदल प्राध्यापक महाशयांनी केव्हा केला. सरांनी उत्तर तयार केलं, खोडलं, पुन्हा केलं. त्यांच्या नावाची फाइल वर गेली होती. आंतरराष्ट्रीय न्यायालयावरच्या जागेसाठी सरकार त्यांचं नाव सुचवणार होतं, आणि सचिव ते दिवसातून एकदा तरी, सहज आठवल्यासारखं, बोलून दाखवत. आयुष्यभर ज्या खुर्च्यांसमोर उभं राहून बोलले त्यांतल्या एका खुर्चीत बसायचं, एवढीच सरांची इच्छा उरली होती. एका लाल रेघेपायी ती मातीत जाणार, असं त्यांना दिसू लागलं.

चिमणीने वाचलं ते नकाशांबद्दलचं होतं. नकाशा हा हक्काचा पुरावा नसून फार तर समजुतीचा पुरावा असतो, वगैरे. निरुपद्रवी परिच्छेद, सातव्या आवृत्तीतही जसाच्या तसा होता. वाचून झाल्यावर तिने सरांच्या दिशेने किंचित मान लववली आणि पुस्तक मिटलं. मिटून बाजूला ठेवलं.

मग ती मौनाच्या मुद्द्याकडे वळली. सगळं शांतपणे मांडलं, बड्या सत्तेशी झालेला करार, पत्रव्यवहारावरची बंदी, एका मंत्र्याने तरीही लिहिलेलं आणि वाटेतच अडवलेलं पत्र. शेवटी कुठल्याही कागदाकडे न बघता म्हणाली,

"ज्याला बोलायची मुभाच नव्हती, त्याच्या मौनातून संमती काढता येत नाही."

अध्यक्ष पुढे वाकले. हे वाक्य कुठेतरी वाचल्यासारखं वाटतं, असं ते म्हणाले, आणि याला आधार काय, असं विचारलं.

दालनात सचिवांच्या पेनाचं टोपण लागल्याचा आवाज ऐकू आला. चिमणीचा हात पुस्तकावर होता. तिने तो काढून घेतला.

"आधार देत नाही, माननीय अध्यक्ष. आमचा युक्तिवाद म्हणूनच ऐकावा."

अध्यक्षांनी बरं म्हटलं आणि ते मागे रेलले. पाचांपैकी कोणीच काही लिहून घेतलं नाही. सरांना आधी सुटल्यासारखं वाटलं, छातीवरचा दगड उतरावा तसं. आणि मग, तो आनंद पुरता भोगूनही झाला नव्हता तोच, शरमेने त्यांचे कान तापले. पोरीने आपल्याला वाचवलं होतं. स्वतःच्या देशाचं नुकसान करून.

चहाची सुट्टी झाली तेव्हा सचिव खुशीत होते. बाई गारद झाल्या, म्हणाले, मोक्याच्या जागी हात रिकामे. दुपारी तुम्ही पहिलं वाक्य हेच टाका, की प्रतिपक्षाला एकही आधार दाखवता आलेला नाही. तिथेच बेट आपलं. मग आवाज खाली आणून त्यांनी फाइल कुठवर पोचली आहे तेही सांगितलं. सर हो हो म्हणत राहिले.

व्हरांड्यात पत्नी कॉफीचा कागदी पेला घेऊन उभी होती. तिने विणकाम पिशवीत कोंबलं होतं, म्हणजे काहीतरी बोलायचं होतं.

"ऐकलंत ना?"

"ऐकलं."

"सांभाळून घेतलं हो पोरीनं तुम्हाला. तिच्या जागी दुसरं कोणी असतं तर तुमची शोभा झाली असती आज."

जागा कमी पडत होती, हे वाक्य दोघांच्या मध्ये उभं होतं आणि दोघंही त्याच्याकडे बघत नव्हते.

"जा, भेटून या तिला," ती म्हणाली. "निदान एवढं तरी करा."

लहान देशाच्या वकिलांना दिलेली खोली व्हरांड्याच्या टोकाला होती. दार उघडंच होतं. बाकीचे खाली चहाला गेलेले. चिमणी खुर्चीवर एक पाय दुमडून बसली होती, दुसऱ्या पायातला बूट काढून ठेवला होता, आणि बिस्किटाचा कोपरा कुरतडत होती. सरांना पाहून ती घाईने बूट शोधू लागली.

"राहू दे, राहू दे. बस."

"या ना सर. काकू आल्यात ना? दिसल्या मला. स्वेटर कोणाचा आहे?"

नातवाचा, असं सर म्हणाले. मग दोघांनीही स्वेटरबद्दल आणखी एखाददोन वाक्यं खर्च केली. दोन्ही बाजूंच्या वकिलांनी सुट्टीत भेटू नये असं काही नव्हतं. या व्यवसायात सगळे सगळ्यांना ओळखतात, आज समोर असलेला उद्या शेजारी असतो. तरी सर दार लोटून आत आले आणि मग ते दार लोटल्याचाच त्यांना संकोच वाटला. खुर्ची होती, पण ते उभेच राहिले.

"मी आभार मानायला आलोय," ते म्हणाले.

"कशाबद्दल?"

"तू समजून घे ना गं. ते पुस्तक समोर होतं तुझ्या. तुला वाचता आलं असतं."

चिमणीच्या चेहऱ्यावर काहीच उमटलं नाही. सरांना वाटलं, आपल्याकडून वदवूनच घ्यायचं आहे हिला, आणि ते योग्यच आहे. त्यांनी ठरवलं, आता आडपडदा ठेवायचा नाही. गेली दोन वर्षं जे कोणापाशी बोलले नव्हते ते बोलायचं.

"ते वाक्य मी काढलं, ते मत बदललं म्हणून नाही. या खटल्यासाठी काढलं. वाईट केलं. ते वाक्य मला फार जवळचं होतं. तुला खोटं वाटेल, पण ते सुचलं तो क्षण अजून आठवतो मला. बसच्या रांगेत उभा होतो, दोन बस भरून गेलेल्या, आणि पुढे एक मुका माणूस होता, त्याला कंडक्टर विचारत होता की तुझी हरकत नाही ना, आणि..."

ते थांबले, कारण चिमणीने बिस्किट खाली ठेवलं होतं आणि ती त्यांच्याकडे विचित्र नजरेने बघत होती. रागाने नव्हे. एखादा वडीलधारा माणूस बोलता बोलता भलतंच नाव घेऊ लागला की माणसं बघतात, तशी.

"सर," ती हळूच म्हणाली, "बसच्या रांगेत मी होते."

"तू?"

"तुम्ही कधी बसने गेलात? तुम्हाला गाडी होती विद्यापीठाची."

सर टेबलाचा कोपरा धरून उभे राहिले. खाली अंगणात कोणीतरी खुर्च्या सरकवत होतं.

ती सांगू लागली, अगदी साधेपणाने, दुसऱ्या कोणाची हकिकत सांगावी तशी. त्या वर्षी सरांच्या डोळ्यांचं ऑपरेशन झालं होतं आणि प्रकाशक घाई करत होता. मौनावरचं प्रकरण तिने लिहिलं. रोज संध्याकाळी ती सरांच्या घरी येऊन लिहिलेलं वाचून दाखवायची, सर डोळ्यांवर पट्टी बांधून आरामखुर्चीत पडलेले असायचे. त्या वाक्याशी आल्यावर तिने तो मुका माणूस आणि कंडक्टरही सांगितला होता. सर हसले होते आणि म्हणाले होते, राहू दे, चांगलं आहे.

ते सगळं सरांना आता आठवलं. पट्टीखालचा अंधार आठवला, आणि त्या अंधारात ऐकू येणारा तिचा आवाज. त्या आवाजावरून त्यांनी रांग पाहिली होती, माणूस पाहिला होता, आणि पुढे कधीतरी, कुठल्याशा व्याख्यानात, त्या रांगेत स्वतःला उभं केलं होतं. केव्हा ते आठवत नव्हतं. खोटं बोलतोय असं एकदाही वाटलं नव्हतं. पाचव्या आवृत्तीच्या प्रस्तावनेत तिचे आभार मानलेले होते, सूची करून दिल्याबद्दल.

"मला वाटलं तुम्हाला माहीत आहे," ती म्हणाली. "म्हणजे, आपल्यात असंच चालतं ना. विद्यार्थी लिहितात, सरांच्या नावावर येतं. मी काही मनात धरलं नाही."

"मग आज तू..."

"आज काय करणार? अध्यक्ष आधार विचारत होते. माझंच वाक्य मीच आधार म्हणून कसं दाखवू? आमच्या लोकांनी फार आग्रह केला, पुस्तक काढून वाच म्हणून. मी म्हटलं, ते बरं दिसत नाही. वर तुमचं नाव लावायचं म्हणजे ते आणखीनच खोटं."

तर तिने त्यांना वाचवलंच नव्हतं. तिने त्यांचा विचारसुद्धा केला नव्हता. सरांना वाटलं होतं की आपली लाज कुठे संपते ते आपल्याला ठाऊक आहे. त्या लाजेला खाली आणखी एक मजला होता. चोरीचा माल त्यांनी चोरीचा आहे हे विसरून मिरवला होता, आणि अडचणीचा झाल्यावर फेकूनही दिला होता, आणि जिचा तो होता तिच्यापुढेच येऊन त्याच्या जन्माची गोष्ट सांगितली होती.

"सातवीत काढलंत ते पाहिलं मी," चिमणी बूट चढवत म्हणाली. "आधी वाईट वाटलं. मग म्हटलं, बरं झालं. आता ते माझ्याकडे परत आलं."

हे बोलताना तिच्या चेहऱ्यावर टोमणा नव्हता. टोमणा असता तर सरांना सोसला असता.

घंटा झाली. तिने बिस्किटाचा चुरा कागदात गोळा केला, काकूंना भेटते म्हणून सांगितलं, आणि आधी तुम्ही या सर, म्हणून दार धरून उभी राहिली. पूर्वी धरायची तशीच.

दालनात सरांची पाळी आली. सचिवांनी लिहून दिलेली चिठ्ठी डायसवर त्यांच्या कागदांच्या वरच होती, प्रतिपक्षाला एकही आधार दाखवता आलेला नाही. सरांनी ती उचलून सगळ्यात खाली ठेवली आणि दीपगृहापासून सुरुवात केली. मग जकातचौकी, मग कारभाराच्या नोंदी. विद्यार्थ्यांना ते नेहमी बजावत, समोरचा मुद्दा अंगावर येत असेल तर त्याला सगळ्यात आधी भिडा. लवादाने विचारल्यावरही उत्तर दिलं नाहीत तर तो मुद्दा तुम्ही सोडलाच असं समजा. सचिव खालून बघत होते, आधी समाधानाने, मग प्रश्नार्थक, मग खुर्चीच्या कडेला येऊन.

सर नकाशांवर यायला निघाले तेव्हा अध्यक्षांनी हात वर केला.

"प्राध्यापक, प्रतिपक्षाने मौनाबद्दल जे विधान केलं, त्यावर आपल्याला काही म्हणायचं आहे?"

आता सांगता आलं असतं. हे वाक्य माझ्या नावावर छापलेलं आहे, ते हिचं आहे, ते खरं आहे, आणि मी ते का काढलं तेही ऐका. चार वाक्यं, सगळी जिभेवर आलेली. सरांनी पलीकडे पाहिलं. चिमणी मान खाली घालून पेन सरसावून बसली होती, वर्गात बसायची तशी, ते काय बोलतील ते उतरवून घ्यायला. मागे पत्नीच्या सुया थांबल्या होत्या. समोर पाच खुर्च्या होत्या.

"नाही, माननीय अध्यक्ष."

अध्यक्षांनी भुवया उंचावल्या. "म्हणजे त्याला आपला विरोध नाही, असं नोंदवायचं?"

सर गप्प राहिले. सचिव अर्धवट उठले आणि पुन्हा बसले. पाचही लवाद लिहू लागले, आणि ते लिहीपर्यंत दालनात कोणी हललं नाही. चिमणीने मान वर करून एकदा सरांकडे पाहिलं. त्या नजरेत त्यांना काय दिसलं ते त्यांना नीट कळलं नाही, कारण त्यांनीच आपली काढून घेतली.

मुद्दा त्यांनी सोडला होता, बेट बहुधा गेलं होतं, आणि फाइलही. पण वाक्य कोणाचं ते अजून कोणालाच कळलं नव्हतं. एवढंसं केलं, तेही तोंड न उघडता, असं त्यांच्या मनात आलं. मग त्यांनी पान उलटलं आणि नकाशांबद्दल बोलायला सुरुवात केली. आवाज नेहमीसारखाच खणखणीत लागला, आणि त्याचीच त्यांना सगळ्यात जास्त लाज वाटली.